दाढ दुखायची थांबली, मग कॅप कशाला?

गिरगावातल्या माझ्या आत्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. चिठ्ठीवर तीन ओळी: पीएफएम, डीएमएलएस, झिरकोनिया. प्रत्येकीपुढे वेगळा आकडा, आणि शेवटचा आकडा पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट. खाली आत्याचा आवाजी निरोप: "अरे, रूट कॅनल झालं, दाढ दुखायची थांबली. आता ही कॅप कशाला? आणि घ्यायचीच तर यातली कुठली? तू दिवसभर हेच करतोस ना?"

हेच करतो. परळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात आमची डेंटल लॅब आहे. दातांचे डॉक्टर माप घेतात, आमचा पोरगा ते लोकलने घेऊन येतो, आम्ही कॅप बनवतो आणि ती तशीच लोकलने परत जाते. पेशंटचा चेहरा मला कधी दिसत नाही. त्याचा जबडा मात्र प्लास्टरमध्ये आठवडाभर माझ्या टेबलावर असतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणाच्या कुठल्या दाताला काय करावं हे सांगणं माझं काम नव्हे. पण कॅप का टिकते आणि का निघून येते, हे इतकी वर्षं हाताखालून जातंय. आत्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहितो.

तक्रार करणारा गेला, इमारत तशीच

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ हाच; वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. पण त्यात जिवंत पेशी नसतात. हाड मोडलं तर जुळून येतं, इनॅमल गेलं की गेलं. त्याच्या आत डेंटिन, थोडं मऊ, थोडा दाब सोसणारं. आणि अगदी आत एक छोटी पोकळी, तिच्यात नस आणि रक्तवाहिन्या. कीड तिथपर्यंत पोचली की रात्री दोन वाजता ठणका लागतो आणि माणूस लवंग शोधत स्वयंपाकघरात जातो.

रूट कॅनलमध्ये डॉक्टर ही पोकळी आणि मुळांतल्या नळ्या साफ करतात आणि रबरासारख्या पदार्थाने बुजवतात. दुखणारी नसच काढली, म्हणून दुखणं थांबतं. आपल्याला वाटतं दाढ बरी झाली. गिरगावात राहणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. तळमजल्यावरचा रोज तक्रार करणारा भाडेकरू खोली सोडून गेला, म्हणजे चाळ दुरुस्त झाली असं होत नाही. टेकू अजून लावायचेच आहेत.

रूट कॅनलने दात ठिसूळ होतो का?

नस काढली की दात वाळक्या लाकडासारखा कोरडा आणि ठिसूळ होतो, असं सर्रास सांगतात. ते पूर्ण खरं नाही. ओलाव्यात पडणारा फरक किरकोळ असतो. खरं कारण साधं आहे: दातातला माल कमी झालेला असतो.

१९८९ साली झालेल्या एका प्रयोगात हे मोजलं गेलं. दात टप्प्याटप्प्याने कोरत नेले आणि दर वेळी त्यांचा ताठपणा किती घटला ते पाहिलं. नुसतं रूट कॅनलसाठी वरून भोक पाडलं तर घट सुमारे ५ टक्के. वरच्या बाजूला सिमेंट भरण्यासाठी खड्डा केला तर २० टक्के. आणि कीड दोन दातांच्या मधल्या फटीतून शिरल्यामुळे पुढची आणि मागची अशा दोन्ही भिंती कापाव्या लागल्या, तर ६३ टक्के.

मिठाईचा खोका घ्या. झाकणाला भोक पाडलं तर खोका तसाच उभा राहतो. समोरासमोरच्या दोन भिंती कापल्या की उरलेल्या दोन बोटाने दाबल्या तरी फाकतात. दाढेचंही तेच. तिच्या दोन बाजू सुट्या उभ्या राहतात, आणि मध्ये चकलीचा कडक तुकडा पाचरीसारखा बसतो. जोर लावून चावलं तर दाढेवर पन्नास किलो किंवा त्याहून जास्त भार येऊ शकतो. चीर वरच्या वर गेली तर नशीब. ती मुळापर्यंत उतरली तर रूट कॅनलचे पैसे पाण्यात आणि दाढ काढायची.

कॅप इथे उपयोगी पडते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर तापवून चढवलेली लोखंडी धाव आठवा. धाव चाकाला नुसती झाकत नाही. आरे आणि पाट्या आवळून धरते. दाताच्या कॅपचं, म्हणजे डॉक्टर ज्याला क्राऊन म्हणतात त्याचं, पहिलं काम हे आवळण्याचं. दिसणं नंतर. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रूट कॅनल झालेल्या दातांच्या जुन्या नोंदी तपासल्या होत्या. कॅप न बसवलेले दात कॅपवाल्यांच्या सहापट वेगाने गमावले गेलेले दिसले. अर्थात ज्यांनी कॅप बसवली त्यांचे दात मुळातच बरे असतील, अशी शंका इथे घेता येते, आणि ती रास्त आहे. तरी सहापट म्हणजे थोडाथोडका फरक नव्हे.

मग प्रत्येक रूट कॅनलनंतर कॅप हवीच का? नाही. हे मी लॅबवाला असून सांगतो. समोरचे पटाशीचे दात चावण्याचा भार फारसा घेत नाहीत. तिथे दात बऱ्यापैकी शाबूत असेल तर नुसतं भरून भागतं. दाढेच्याही दोन भिंती चांगल्या उरल्या असतील तर फक्त वरचा भाग झाकणारी अर्धी कॅप चालू शकते. सगळ्या दाताला गुंडाळणारी कॅप लागते ती मुख्यतः कोरल्या गेलेल्या दाढांना.

कॅपखाली काय उरलंय?

आत्यासारखे सगळे विचारतात, "कुठली कॅप?" मी मॉडेल हातात घेतो तेव्हा कॅपचा विचार शेवटी करतो. आधी दोन गोष्टी बघतो.

पहिली, हिरडीच्या वर खरा दात किती उरलाय. कॅप बसवण्यासाठी दात चहूबाजूंनी घासून बारीक करावा लागतो. उरलेल्या खुंटाचा वरचा भाग बहुतेक वेळा सिमेंटने उभारलेला असतो. त्या सिमेंटच्या खाली, हिरडीच्या वर, निदान दीड ते दोन मिलिमीटर उंचीचा सलग खरा दात हवा. कॅपची पकड तिथे बसते. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडी असते ना, तसं. कडी लाकडावर चढलेली असेल तर मुसळ फुटत नाही. कडीच्या आत लाकूडच नसेल तर ती नुसता दागिना.

दात अगदीच कमी उरला असेल तर मुळात एक छोटी दांडी, पोस्ट, बसवून तिच्यावर खुंट उभारतात. पोस्टने दात मजबूत होतो असा समज आहे. होत नाही. पोस्ट फक्त वरचा खुंट धरून ठेवते, आणि फार जाड पोस्टसाठी मूळ कोरलं तर उलट मूळ चिरतं.

दुसरी गोष्ट काठ. कॅप जिथे संपते आणि दात सुरू होतो ती रेषा. कॅपला कीड लागत नाही, पण काठाखालच्या दाताला लागते, आणि बहुतेक कॅपा अशाच जातात. कॅप आणि दात यांच्यात फट राहतेच. शंभर-सव्वाशे मायक्रॉनपर्यंतची फट चालण्याजोगी मानतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, म्हणजे फट दीड केसाची. आपल्या दृष्टीने काहीच नाही. पण जंतू सुमारे एक मायक्रॉनचा. त्याला माणसाएवढा धरला तर ती फट क्रिकेटच्या मैदानाएवढी रुंद होते. ती सिमेंटने बुजवलेली असते म्हणून निभावतं. काठ वेडावाकडा असेल किंवा मापात नीट उतरलाच नसेल, तर मी कितीही महाग पदार्थ वापरला तरी काठ अंदाजाने बनतो. लॅबमध्ये आम्ही अशा मापांना "धुक्यातलं मॉडेल" म्हणतो. फोन करून दुसरं माप मागितलं तर काही डॉक्टर आभार मानतात, काही रागावतात. मागितलेलं बरं.

ते तीन शब्द

पीएफएम म्हणजे आत धातूची पातळ टोपी आणि वर दाताच्या रंगाचं चिनी मातीसारखं सिरॅमिक. सिरॅमिक आणि धातू तापल्यावर जवळजवळ सारखेच फुगले पाहिजेत, नाहीतर थंड होताना वरचा थर तडकतो. गरम काचेच्या ग्लासात गार पाणी ओतल्यासारखं. हे गणित अमेरिकेत जुळलं आणि १९६२ साली त्याचं पेटंट निघालं. आतली टोपी ओतायची पद्धत त्याहून जुनी. मेणाची टोपी करायची, भोवती साचा, मेण जाळून काढायचं, पोकळीत धातू. विल्यम टॅगार्ट या अमेरिकन दंतवैद्याने १९०७ मध्ये ती दातांच्या कामात रूढ केली, पण मोहेंजोदारोची नर्तकी ओतणाऱ्या कारागिराला ती चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी येत होती. पीएफएम स्वस्त, भरवशाची. तिचे दोष दोन. वरचं सिरॅमिक कधी कधी टवका उडून जातं. आणि हिरडी खाली सरकली की काठाशी करडी रेघ दिसते. मिशरीने हिरड्या झिजलेल्या आज्यांच्या फोटोंत ही रेघ मी खूप पाहिली आहे. धातू बहुधा निकेल-क्रोमियम असतो. नकली कानातल्यांनी ज्यांचे कान चिघळतात त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावं. निकेलची ॲलर्जी तीच.

डीएमएलएस हे नाव भारदस्त आहे, वस्तू तीच. आतली टोपी ओतण्याऐवजी कोबाल्ट-क्रोमियमची भुकटी लेझरने थरावर थर वितळवून बनवतात. माप जास्त नेमकं येतं, निकेल टळतं. वरचं सिरॅमिक तसंच.

झिरकोनिया मात्र वेगळी जात. अमेरिकन डायमंडच्या कुड्या घरात असतीलच. तो खडाही झिरकोनियाच, झिरकोनियम धातूचा ऑक्साइड. आमच्याकडे तो खडूसारख्या पांढऱ्या चकतीच्या रूपात येतो. मशीन त्यातून कॅप कोरतं, पण खऱ्या मापापेक्षा २० ते २५ टक्के मोठी, कारण नंतर सुमारे १५०० अंश सेल्सिअसला भाजली की ती तेवढी आटते. सुती कापड आटणार म्हणून शिंपी माप वाढवून घेतो, तसंच.

सिरॅमिक असून झिरकोनिया सहसा फुटत का नाही, ही मला या धंद्यातली सगळ्यात गमतीची गोष्ट वाटते. आपल्या लाकडी दारांना पावसाळ्यात काय होतं? फुगतात आणि चौकटीत घट्ट बसतात. झिरकोनियात चीर पडू लागली की चिरेच्या टोकाशी असलेले बारीक कण आपली रचना बदलतात आणि चार-पाच टक्के फुगतात. फुगून ते चिरेलाच आवळतात, आणि ती पुढे सरकत नाही. १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे मांडलं, तेव्हा त्यांनी याला "सिरॅमिकचं पोलाद?" असं प्रश्नचिन्हासकट म्हटलं होतं.

इथे एक मेख आहे. दुकानात जो झिरकोनिया जास्त पारदर्शक, जास्त नैसर्गिक म्हणून महाग विकतात, त्यात यिट्रियम ऑक्साइडचं प्रमाण जास्त असतं. त्याने चमक वाढते, पण हा फुगून चीर आवळण्याचा गुण कमी होतो. अमेरिकन डायमंडकडे जितकं सरकावं तितकं बळ घटतं. म्हणून मागच्या दाढेसाठी सगळ्यात देखणा झिरकोनिया मागू नका. तिथे जरा मठ्ठ दिसणारा, मजबूत प्रकारच शहाणा.

"एवढा कडक पदार्थ समोरचा दात झिजवेल"

आत्याचा हा आक्षेप मला आवडला. कडक म्हणजे झिजवणारा, असं वाटणं साहजिक आहे. पण झिजवतो तो खरखरीतपणा. पाटा-वरवंटा टाकी लावलेला असला तर वाटतो, गुळगुळीत झाला की वाटत नाही. नीट पॉलिश केलेला झिरकोनिया समोरचं इनॅमल जुन्या सिरॅमिकपेक्षा कमीच झिजवतो, असं चाचण्यांत दिसलं आहे. घोळ होतो तो शेवटच्या पाच मिनिटांत. कॅप बसवताना उंच लागते, डॉक्टर ती घासतात आणि घासलेली जागा पुन्हा पॉलिश न करता तशीच सोडतात. तिथे "डॉक्टर, पॉलिश करणार ना?" असं विचारायला लाजू नका.

"पण पंधरा वर्षांची वॉरंटी आहे!"

ते रंगीत कार्ड कॅपच्या पदार्थाचं आहे. दाताची, हिरडीची, काठाखालच्या किडीची वॉरंटी कोणी देत नाही. वेगवेगळे अभ्यास एकत्र पाहिले तर चांगल्या कॅपांपैकी पाच वर्षांनी शंभरातल्या ९४-९५ जागेवर असतात. दहा-पंधरा वर्षं टिकणं नेहमीचं आहे. त्यात कार्डापेक्षा जास्त वाटा असतो रात्री झोपताना घासलेल्या दातांचा आणि काठाशी, दोन दातांच्या मध्ये फिरवलेल्या दोऱ्याचा. सुपारी चघळणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांची कॅपच काय, समोरचे खरे दातही टिकत नाहीत.

"दाढेला हात लावला की डोळे जातात"

नाही जात. दाताची संवेदना नेणारी नस वेगळी, दृष्टीची वेगळी. चाळिशीत चष्मा लागतो आणि दाढाही त्याच सुमारास किडतात, एवढाच संबंध.

लग्नाआधी सगळ्या दातांना कॅप?

हल्ली "स्माईल डिझाइन" म्हणून पंचविशीतल्या पोरापोरींच्या वरच्या आठ-दहा धडधाकट दातांची मापं येतात. मला ते काम करताना बरं वाटत नाही. पूर्ण कॅपसाठी घासताना हिरडीच्या वरच्या दातातला साठ ते सत्तर टक्क्यांहून जास्त माल निघून जातो. किडलेल्या दाढेत तो आधीच गेलेला असतो. इथे तो आपण होऊन फेकायचा. काही दातांची नस पुढे मरते आणि मग रूट कॅनल. पंचविशीत बसवलेली कॅप साठीपर्यंत दोन-तीनदा तरी बदलावी लागणार, दर वेळी दात आणखी कमी. ब्रिटनमधले तरुण स्वस्तात मिळतात म्हणून तुर्कस्तानात जाऊन असे दात करून आले आणि नंतर ब्रिटनमधल्या दंतवैद्यांनी इशारे द्यायला सुरुवात केली, ती याचसाठी. रंगच खटकत असेल तर ब्लीचिंग आहे, दात वेडेवाकडे असतील तर तारा आहेत, दातावर चिकटवायचे पातळ पापुद्रे आहेत.

दातच नसेल तर?

कॅपला खाली खुंट लागतो. पडलेल्या दाताच्या जागी नुसती कॅप बसवता येत नाही, हे फोनवर दर आठवड्याला कोणाला तरी समजवावं लागतं.

जागा तशीच ठेवली तर? लोकलमधली तीन जणांची सीट आठवा. एक उठला की उरलेले दोघे ऐसपैस होतात. दातांचंही तसंच: शेजारचे रिकाम्या जागेत कलतात, समोरचा दात खाली किंवा वर लोंबू लागतो. दोन-तीन वर्षांनी नवा दात बसवायला जावं तर जागाच उरलेली नसते. म्हणून निर्णय लवकर घेतलेला बरा.

पर्याय तीन. काढ-घाल करायची कवळी, सगळ्यात स्वस्त. ब्रिज, म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांना घासून त्यांच्यावर कॅपा आणि मधला खोटा दात त्यांना जोडलेला; तिघांचा भार दोघांनी वाहायचा. शेजाऱ्यांना आधीच कॅपची गरज असेल तर ब्रिज उत्तम, शेजारी धडधाकट असतील तर जिवावर येतं. तिसरा इम्प्लांट: हाडात टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर कॅप. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी सशाच्या हाडात टायटॅनियमची कुपी बसवली होती. काढायला गेले तर ती हाडाशी एकजीव झालेली. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले. हाड धरायला सहसा तीन ते सहा महिने लागतात. बिडी-सिगारेट आणि ताब्यात नसलेला मधुमेह हे त्याचे वैरी.

पैसे

मेडिक्लेमवर भिस्त ठेवू नका. अपघात सोडला तर बहुतेक पॉलिसी दातांचा खर्च देत नाहीत. हात आखडता असेल तर मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे. तिथे शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या नजरेखाली काम करतात. खेपा जास्त, रांग लांब, पण खर्च खासगीच्या मानाने बराच कमी. आणि एक अनुभवाचं: शिकणाऱ्या मुलांची मापं पुष्कळदा जास्त नीट असतात, कारण ती मापं तपासली जातात.

खेपा चुकवू नका मात्र. माप दिल्यावर तात्पुरती प्लास्टिकची कॅप लावतात. ती निसटली तरी कोणी फारसं मनावर घेत नाही. गणपतीला गावी जाऊन दोन महिन्यांनी परतलेल्या माणसाचे दात एव्हाना हललेले असतात. मग आम्ही बनवलेली कॅप बसत नाही आणि खापर लॅबवर.

आत्याचं काय झालं

डॉक्टरांना विचारायला तिला दोनच प्रश्न लिहून दिले: हिरडीच्या वर खरा दात किती आहे, आणि काठ दातावर येतोय की सिमेंटवर. डॉक्टरांनी एक्स-रे लावून दाखवलं. दोन मिलिमीटर दात होता, काठ दातावर. मधली ओळ, डीएमएलएस, पुरेशी होती. शेवटची दाढ, हसताना दिसत नाही. रंगावरून थोडी वादावादी झाली. शेडच्या पट्टीत सोळा रंग असतात. आत्याला सगळ्यात पांढरा हवा होता, तिचे दात ए३ या जरा गडद रंगाच्या आसपासचे. मी ए३ केला आणि तिला सांगितलं नाही.

कॅप बसल्यावर तिसऱ्या दिवशी फोन. "छान आहे रे, फक्त चावताना तीच आधी लागते. होईल सवय." मी म्हटलं, "अगं, सवय दाढेला होत नाही, दुखणं होतं. उद्याच्या उद्या जा." डॉक्टरांनी निळा कागद मध्ये ठेवून चावायला लावलं. कॅपवर एकच गडद ठिपका उमटला. तो घासला. आत्या खुर्चीवरून उठता उठता थांबली आणि म्हणाली, "आणि पॉलिश?"